वाचकांचे प्रश्न : उसाचा दर, सावकाराचे कर्जखत आणि शासनाची हद्द

शासनाने अर्थव्यवहारात कुठवर हात घालावा, या विषयावरील मागील अंकातल्या लेखात आम्ही असे म्हटले होते की, शासन मोठे असावे की लहान, या वादापेक्षा ते आपणच जाहीर केलेल्या नियमाला बांधलेले राहते की नाही, हा प्रश्न सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील काही पत्रे संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सरकारने बाजारात पडू नये असे म्हणणारी मंडळी एफआरपीचा (उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा) विषय निघाला की गप्प बसतात. एफआरपी हा सरकारने ठरवलेला दरच आहे ना? तो काढून टाकला तर कारखानदार आम्हाला काय देतील, हे कोणी सांगायला नको. मग मर्यादित शासनाचा हा आग्रह नेमका कोणाच्या फायद्याचा?
(ऊस उत्पादक, वाळवा तालुका)

उत्तर : आपला रोख योग्य ठिकाणी आहे. एफआरपी तेवढी उठवा आणि बाकीचे निर्बंध आहेत तसे राहू द्या, असे जो म्हणेल त्याला मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता म्हणता येणार नाही. तो कारखान्याची बाजू मांडतो आहे, इतकेच. उसाचा व्यवहार हळदीसारखा नाही. हळद पेवात (जमिनीखालच्या कोठारात) किंवा गोदामात ठेवून दर चढेपर्यंत थांबता येते, आणि सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांची ख्याती त्यावरच उभी होती. ऊस पिकला की थांबत नाही. तोडणीची पाळी लांबली की तुरा येतो, कांडी पोकळ पडू लागते, वजन घटते. तुटून फडात पडलेल्या उसाचे तर वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) दोन्ही दिवसागणिक उतरतात. कारखान्याच्या चिटबॉयच्या (तोडणीची पाळी देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) मागे फिरणारा, तोडणी टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे देणारा आणि वर ट्रॅक्टरवाल्याची एंट्री, म्हणजे प्रत्येक खेपेचे जादा पैसे, भागवणारा शेतकरी हे सारे हौसेने करत नाही. ज्याला थांबता येत नाही तो विक्रेता आणि ज्याला थांबता येते तो खरेदीदार, अशी जोडी असेल तेथे दर खरेदीदारच ठरवणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

परंतु खरेदीदार इतके थोडे का, हाही प्रश्न त्याच वेळी विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्यातच सापडते. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशानुसार दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर असावे लागते आणि राज्याला ते वाढवण्याची मुभा आहे. महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. म्हणजे आधी कारखान्याभोवती कुंपण घालायचे आणि मग कुंपणाच्या आत दर पडू नये म्हणून किमान दर ठरवून द्यायचा, ही दोन्ही कामे शासनानेच केलेली आहेत. अंतराच्या अटीमागे काही तथ्य नाही असे नाही. कारखाना कर्ज काढून उभा राहतो, सहकारी असेल तर त्यात सभासदांचे भागभांडवल अडकलेले असते, आणि दुष्काळाच्या वर्षी शेजाऱ्याने ऊस पळवला तर गळीत हंगाम अर्ध्यावर आटोपता घ्यावा लागतो. मात्र या संरक्षणाची किंमत कारखाना देत नाही, ऊस घालणारा देतो. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये अंतराची अट आणि क्षेत्र राखून ठेवण्याची पद्धत दोन्ही काढून टाकावीत आणि साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा शेतकऱ्याला द्यावा, असे सुचवले होते. पुढच्याच वर्षी कारखान्यांवरचा लेव्ही साखरेचा (सरकारला कमी दराने सक्तीने द्याव्या लागणाऱ्या साखरेचा) बोजा गेला, उत्पन्न वाटपासाठी राज्याने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. अंतराची अट तेवढी जागची हलली नाही. सुधारणेतील जो भाग कारखान्याला सोयीचा तो आधी आणि जो शेतकऱ्याला सोयीचा तो सवडीने, हा क्रम योगायोगाने लागतो असे आम्हाला वाटत नाही.

आता दराचे गणित पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, असा दर जाहीर झाला. उतारा ११.२५ टक्के असेल तर टनाला ३,८९६ रुपये होतात आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात; उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. कागदावर यापेक्षा शेतकऱ्याच्या बाजूचा नियम शोधून सापडणार नाही. परंतु साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली ती एफआरपी चढत गेली तरी वर्षानुवर्षे तेथेच राहिली. किती साखर कोणत्या महिन्यात विकायची, याचा कोटा २०१८ पासून दिल्लीहून येतो. आणि इथेनॉलसाठी कारखान्यांनी कर्जे काढून प्रकल्प उभारल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. एका हाताने खर्च ठरवायचा आणि दुसऱ्या हाताने उत्पन्न अडवायचे, असा हा कारभार आहे. मग कारखाना साखर तारण ठेवून उचल घेतो, उचल पुरली नाही की बिल थकते आणि व्याजाचे कलम आदेशात राहून जाते.

मर्यादित शासनाचा आग्रह कोणाच्या फायद्याचा, या आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मार्च २०२५ मधल्या एका निकालात मिळते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली होती. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, कारण केंद्राच्या आदेशाने शेतकऱ्याला दिलेला हक्क राज्याला एका परिपत्रकाने कापता येत नाही. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याबाहेर ऊस नेण्यास बंदी घालणारा आदेश निघाला होता, तो शेतकरी संघटनांच्या विरोधामुळे काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. मिरज किंवा जतच्या शेतकऱ्याला कर्नाटकातला कारखाना जवळ पडत असेल आणि तो दोन पैसे जास्त देत असेल, तर त्याला अडवण्याचे कारण काय? या दोन्ही वेळी शासनाच्या अधिकाराला हद्द पडली आणि दोन्ही वेळी तिचा लाभ ऊस उत्पादकाला झाला.

आमचे मत असे आहे की, आधी अंतराची अट जावी, वजनकाट्याची तपासणी कारखान्याच्या हाती न राहता स्वतंत्र यंत्रणेकडे जावी, कोटा आणि निर्यातीचे निर्णय हंगामाच्या मध्यावर बदलू नयेत, आणि हे सारे झाल्यावर किमान दराची गरज उरते का, ते पाहावे. उलट्या क्रमाने गेल्यास आपली भीती शंभर टक्के खरी ठरेल.

प्रश्न : कायद्याचे अर्थशास्त्रीय विश्लेषण हा विषय आम्हाला यंदा अभ्यासाला आहे. कोणत्या नियमाने एकूण लाभ जास्त होतो, हे न्यायाधीशाने पाहावे, असे त्यात सांगतात. न्याय असा पैशाच्या तराजूत तोलायचा काय?
(कायद्याची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : या विषयात दोन निरनिराळी विधाने एकाच दमात केली जातात आणि घोटाळा तेथेच होतो. पहिले विधान असे की, नियम बदलला की माणसे आपले वागणे बदलतात, म्हणून नियम करण्यापूर्वी त्या बदलाचा अंदाज घ्यावा. दुसरे विधान असे की, ज्या नियमाने संपत्ती सर्वाधिक वाढते तोच नियम न्याय्य. पहिले आम्ही पूर्णपणे स्वीकारतो. दुसरे स्वीकारत नाही.

पहिल्याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला या विषयाचे माहेर असलेल्या अमेरिकेतील शिकागोला जाण्याची गरज नाही. ते साताऱ्याच्या दप्तरात आहे. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला आणि साध्या कर्जखतावर तीन वर्षांनंतर दावा लावता येणार नाही, असे ठरवले. हेतू असा होता की जुन्या कर्जावर वर्षानुवर्षे व्याज चढू नये. सावकाराने काय केले, तर तिसरे वर्ष संपत आले की कुणब्याला बोलावून नवे खत लिहून घ्यायला सुरुवात केली. थकलेले व्याज मुद्दलात घातले जाई आणि नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. जो कायदा व्याजाला लगाम घालण्यासाठी केला त्यानेच चक्रवाढीला तीन वर्षांचे नियमित वेळापत्रक आखून दिले. कुणब्याला लिहितावाचता येत नव्हते. अंगठा कशावर उठला हे त्याला कचेरीत समन्स आल्यावर कळे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा जमावाने सर्वांत आधी ही खतेच जाळली, ती उगाच नव्हे.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून काम केले होते. या कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती आणि व्याज किती, हे शोधण्याचा अधिकार दिला आणि स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन साध्या कर्जापोटी जप्त करण्यास मनाई केली. कायदा हेतूने चांगला होता, आणि अनेकांची जमीन त्याने वाचवलीही. परंतु सावकारही तोच होता आणि पैशाची नडही तीच होती. साधे खत बिनकामाचे ठरल्यावर सावकाराने जमीन गहाण मागितली. गहाणखताचीही चौकशी होते असे दिसल्यावर त्याने सरळ खरेदीखत लिहून मागितले आणि पैसे फेडलेस तर जमीन परत देईन, असा तोंडी शब्द दिला. कर्ज पाचशेचे असो वा पन्नासाचे, कागदोपत्री विक्री झालेली. मग पुढे कायद्यात दुरुस्ती करून, खरेदीखत हे प्रत्यक्षात गहाणखत आहे का, हे तपासण्याची मुभा न्यायालयांना द्यावी लागली. सावकारीला आळा घालणारा महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा वाचला तर हीच समस्या तेथेही आ वासून उभी दिसेल. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला द्यावा लागतो, याचा अर्थ दीडशे वर्षांनी खरेदीखताचा डाव अजून जिवंत आहे.

यावरून कायदे करू नयेत, असे अनुमान काढणारे लोक असतात. आम्ही ते काढत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, कर्जाची गरज भागवणारी दुसरी सोय उभी न करता केवळ एका प्रकारचा करार बंद केला, तर व्यवहार बंद होत नाही. तो अधिक महाग आणि अधिक काळोख्या वाटेने जातो. सहकारी पतपुरवठ्याने सावकाराचे जितके नुकसान केले तितके कोणत्याही कलमाने केले नाही, आणि जेथे विकास सोसायटीचे कर्ज थकले तेथे सावकार परत आला, हे आपल्याकडील कोणत्याही गावात विचारून पाहावे.

आता अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांच्याविषयी, कारण परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येणारच. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात लंडनचा एक मिठाईवाला आणि त्याच्या शेजारचा डॉक्टर यांच्यातील खटल्याची चर्चा आहे. मिठाईवाल्याच्या खलबत्त्याचा आवाज डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीत जात होता. (तो निकाल १८७९ चा, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या कायद्याच्याच वर्षीचा.) कोस यांचे म्हणणे असे की, त्रास हा दोघांनी मिळून होतो, आणि दोघांना बसून बोलणे सोपे व फुकट असेल, तर हक्क कोणाकडेही दिला तरी शेवटी ज्याच्या कामाला जास्त मोल आहे त्याचे काम चालू राहील. पलूस किंवा तासगाव भागात द्राक्षबागेशेजारी वीटभट्टी लागली असे समजा. बाग एकाची आणि भट्टी एकाची असेल तर दोघे तोडगा काढतीलही. पण बागा चाळीस जणांच्या असतील, प्रत्येकाचे नुकसान वेगळे असेल, कोणी वर्गणी द्यायला तयार नसेल आणि भट्टीमालकाचा गावात दबदबा असेल, तर बोलणी होणारच नाहीत. कोस यांचा खरा मुद्दा हा दुसराच होता, म्हणजे बोलणी महाग पडतात म्हणून कायदा हक्क कोणाला देतो याला महत्त्व येते. अनेक मार्गदर्शके पहिला अर्धा भाग देऊन थांबतात. आपण थांबू नये.

दुसऱ्या विधानाला आमचा आक्षेप सोपा आहे. संपत्ती मोजताना कोण किती द्यायला तयार आहे, हे पाहिले जाते, आणि तयारी ही खिशावर अवलंबून असते. भट्टीमालक दहा लाख देऊ शकतो आणि चार गुंठ्यांचा बागायतदार दहा हजार, यावरून धूर न्याय्य ठरत नाही. तराजू उपयोगाचा आहे. त्याने किती नुकसान होते ते मोजावे. ते कोणी सोसायचे, याचा निवाडा तराजू करणार नाही.

प्रश्न : मर्यादित शासन ही पाश्चात्त्यांची कल्पना आपण आपल्या मातीवर का लादावी? आपल्याकडे राजाने प्रजेचा सांभाळ करावा, हीच परंपरा आहे.
(निवृत्त शिक्षक, कोरेगाव)

उत्तर : कल्पना कोठून आली यावरून ती टाकायची म्हटले तर जिल्हाधिकारी आणि सातबारा दोन्ही टाकावे लागतील. परंतु आपल्या प्रश्नातील सावधगिरीला एक थोर आधार आहे. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी इंग्लंडात तयार झालेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडतात, हे मानण्यास नकार दिला होता आणि मागास देशात उद्योग उभारण्यासाठी शासनाने पुढाकार घ्यावा, असे प्रतिपादन केले होते. तेव्हा शासनाने काहीच करू नये, हे मत आपल्याकडच्या उदारमतवाद्यांनीही सरसकट कधी मानले नाही.

मात्र सत्तेला हद्द घालण्याचे प्रयोग आपल्या तालुक्याच्या शेजारीच झाले आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी स्वराज्य संविधानाचा कायदा करून आपले अधिकार लोकांच्या हाती दिले. महात्मा गांधींचा सल्ला आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचे साहाय्य त्यामागे होते, आणि पायाशी ग्रामपंचायत होती. औंध, आटपाडी, कुंडल अशा विखुरलेल्या तुकड्यांचे हे छोटेसे संस्थान. संस्थाने जपण्यासाठी इतर राजे इंग्रजांचे उंबरे झिजवत असताना येथे राजाने आपण होऊन स्वतःला नियमाखाली आणले. याच राजाने १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळ माळरानाची जमीन दिली होती, त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. जमीन दिली, मदत केली आणि कारखाना कसा चालवावा हे कारखानदारावर सोडले. आजच्या औद्योगिक धोरणाच्या जाडजूड कागदांत इतका शहाणपणा क्वचित आढळतो.

थोड्याच वर्षांनी त्याच कुंडल परिसरात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज सत्तेला समांतर असे लोकांचे सरकार, उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीची न्यायदान मंडळे होती आणि गावोगावच्या दरोडेखोरांना व सावकारांना त्यांचा धाक होता. आम्हाला त्या चळवळीविषयी आदर आहे. तरीही आपण शिक्षक आहात म्हणून विचारतो, त्या मंडळाचा निवाडा चुकला तर दाद कोठे मागायची? परकीय सत्तेशी लढताना हा प्रश्न बाजूला ठेवावा लागला असेल. स्वराज्यात तो बाजूला ठेवता येत नाही.

आणि सांभाळ करण्याच्या परंपरेविषयी एक. साताऱ्यात जन्मलेल्या, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्याला ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा दिली, तेव्हा त्यांचा रोख याच सांभाळण्यावर होता. शासन अनुदान देते ते दिसते, निर्यात अडवून आणि दर पाडून त्याहून जास्त काढून घेते ते दिसत नाही, असे ते सांगत. त्यालाच ते उणे सबसिडी म्हणत. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी आम्ही सहमत नाही, परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहायची सवय त्यांनी लावली, हे नाकारता येणार नाही.

प्रश्न : बाजार समित्या मोडीत निघाल्या तर आम्हा हमालांचे काय? माल बाहेरच्या बाहेर विकला जातो, तेथे लेव्ही (हमालांच्या सोयींसाठी मजुरीवर माथाडी मंडळाकडे भरायची रक्कम) कोण भरणार?
(माथाडी कामगार, सांगली मार्केट यार्ड)

उत्तर : १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळामार्फत मजुरी, लेव्ही आणि भविष्यनिर्वाह निधीची सोय केली, आणि हा कायदा राज्याच्या अभिमानाचा विषय आहे. अडचण अशी की, व्यवहारात ही सोय यार्डाच्या फाटकाशी बांधली गेली. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला समितीच्या नियमनातून वगळल्यावर माल यार्डाबाहेर उतरू लागला आणि नोंद मागे राहिली. शेतकऱ्याला यार्डातच माल आणायला भाग पाडून हमालाचे संरक्षण करणे आम्हाला पटत नाही, कारण त्यात एका कष्टकऱ्याच्या हक्काचा भार दुसऱ्यावर पडतो. ज्याच्या पाठीवर पोते आहे त्याची नोंद ते पोते कोठे उतरले यावर अवलंबून असू नये, अशी दुरुस्ती मागणे अधिक योग्य होईल.

प्रश्न : माझी जमीन, माझी बोअर, माझी मोटर. मग पाणी किती उपसायचे, हे सांगणारे सरकार कोण?
(डाळिंब बागायतदार, आटपाडी तालुका)

उत्तर : आपल्या म्हणण्याला जुना कायदेशीर आधार आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाला आपल्या जमिनीखालील पाणी गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क मान्य केलेला आहे. तो नियम मोटेच्या काळातला होता. बैलाच्या ताकदीने जितके पाणी निघे, त्यालाच निसर्गाची मर्यादा होती. सातशे फुटांच्या बोअरला ती राहिलेली नाही. आपण पाचशे फुटांवर गेलात की शेजारी सहाशेवर जातो, त्याने पाणी ओढले की आपण सातशेवर जाता, आणि शेवटी दोघांच्या बोअरमधून हवा येते व बँकेचे हप्ते मात्र चालू राहतात. येथे आपले स्वातंत्र्य शेजाऱ्याच्या हक्कातून वजा होत असल्याने कायदा मध्ये येतो, आणि अशा जागी तो येणे मर्यादित शासनाच्या तत्त्वाशी सुसंगतच आहे.

प्रश्न उरतो तो कसा यावा याचा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, हा नियम राज्यात १९९३ पासून आहे. भूजलाचा २००९ चा कायदा त्याच्या पुढे गेला आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे जाते, हे आपल्याला आम्ही सांगायला नको. तालुक्याला बसलेला अधिकारी ते कसे पाहणार? दुसरीकडे एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. पाणी जपा असे एक खाते सांगते आणि उपशाचा खर्च दुसरे खाते भरते. वीज फुकट असेल तेथे मोटर बंद करायला उठण्याचे कारण उरत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅलिफोर्नियातील भूजलाच्या अभ्यासापासून सुरुवात केलेल्या या विदुषीने दाखवले की, पाणी वापरणारे लोक स्वतः नियम ठरवतात, स्वतः पाळत ठेवतात आणि पहिल्या चुकीला सौम्य व पुढच्या चुकीला कडक दंड लावतात, तेथे सामायिक साधन टिकते. आपल्याला याचे नवल वाटणार नाही, कारण शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले ते असेच. नदीतली वाळू ठेकेदाराने लिलावात न्यायची आणि गावाने कोरड्या पात्राकडे पाहत बसायचे, हे लोकांनी नाकारले. मर्यादित वाळू आपण विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू, असा हक्क मागितला आणि शासनाशी झगडून मिळवला. पाण्याचा वाटाही जमिनीच्या प्रमाणात न ठेवता कुटुंबागणिक ठेवला, त्यात भूमिहीनही आले. शासनाने येथे एकच मोठे काम करायचे होते, ते म्हणजे वाटेतून बाजूला होणे. आणि तेच करून घ्यायला लोकांना सर्वांत जास्त भांडावे लागले.

टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आता आपल्या भागात येते. ते आल्याने बोअरचा प्रश्न संपेल, असे मानू नये. कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेरच्या शेतात उपसा चालूच राहील. गावाने मिळून पिकांचा ताळेबंद मांडावा आणि नव्या बोअरला ग्रामसभेची संमती लागावी, एवढा ठराव तरी आपण पुढाकार घेऊन करून पाहावा.

प्रश्न : महामार्गासाठी आमची जमीन जाणार असे म्हणतात. मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही, तेव्हा भांडून उपयोग नाही, असे एका ओळखीच्या माणसाने सांगितले. खरे काय?
(शेतकरी, मिरज तालुका)

उत्तर : निम्मे खरे आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. परंतु अनुच्छेद ३०० अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या अनुच्छेदाचा अर्थ विस्ताराने सांगितला. त्यानुसार मालकाला नोटीस मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, निर्णय कारणांसह असला पाहिजे, हेतू सार्वजनिक असला पाहिजे, मोबदला रास्त असला पाहिजे, आणि प्रक्रिया कार्यक्षमतेने चालून शेवटास गेली पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्णय बहुमताने दिला. तो खटला मुंबईतील जुन्या इमारतींसंबंधीच्या महाराष्ट्राच्या कायद्यातून उद्भवला होता. तेव्हा भांडण्याला आधार भरपूर आहे.

आधार वापरायचा तर सर्वप्रथम अधिसूचना कोणत्या कायद्याखाली निघाली, ते पाहावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि ठरलेल्या मोबदल्याइतकीच दिलासा रक्कम वेगळी मिळते. राष्ट्रीय महामार्गांच्या १९५६ च्या कायद्याखाली असेल तर हरकतीसाठी अवघे २१ दिवस असतात आणि मोबदल्याचा वाद लवादाकडे जातो. हरकतीत केवळ ‘आमचा विरोध आहे’ असे लिहू नये. विहीर, पाइपलाइन, बागेचे वय, शेताचे दोन तुकडे होणार असतील तर उरलेल्या तुकड्याला वाट कोठून, हे गट क्रमांकासह लिहावे आणि पोहोच घ्यावी. सातबाऱ्यावर विहिरीची आणि फळबागेची नोंद नसेल तर ती आजच करून घ्यावी. मोबदला मिळाला आणि तो अपुरा वाटला, तर २०१३ च्या कायद्याखाली रक्कम स्वीकारताना लेखी निषेध नोंदवावा, कारण निषेधाशिवाय रक्कम घेतली तर वाढीव मोबदल्यासाठी पुढे अर्ज करण्याचा हक्क जातो. त्या अर्जालाही मुदत आहे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या व्यक्तीसाठी ती सहा आठवड्यांची आहे.